पणजोबांनी राजीनामा दिला, पण नोकरी तर नव्हतीच!

सायली_पेठेतली · शनिवार, रात्री ९:१२

गेले दोन रविवार आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याचा माळा उपसायचं काम चालू आहे. वाडा पाडायचा ठरलाय (ठरून सहा वर्षं झाली, ते जाऊ दे). पितळी डबे, पाय मोडलेला चौरंग, तीन कंदील आणि एका पत्र्याच्या पेटीत कागद निघाले. कागद बहुतेक मोडीत. आमच्यात मोडी कुणालाच येत नाही, पण एका कागदाच्या डोक्यावर नंतर कुणीतरी बाळबोध अक्षरात लिहून ठेवलंय : 'आप्पांचा राजीनामा, १८९३'.

घरात खळबळ. आप्पा म्हणजे यांचे पणजोबा. त्यांनी जन्मात नोकरी केली नाही, दोन शेतं आणि भिक्षुकी एवढ्यावर घर चाललं, असं आम्ही ऐकत आलोय. मग राजीनामा कशाचा? सासऱ्यांनी लगेच ठरवलं की सरकारी नोकरी असणार आणि स्वाभिमानापायी सोडली असणार. मंगळवारपर्यंत ती मामलेदाराची झाली. बुधवारी नणंदेच्या फोननंतर ती गोऱ्या साहेबाच्या तोंडावर फेकूनही झाली.

गुरुवारी ओळखीतल्या एका मोडी वाचणाऱ्यांकडे कागद नेला. त्यांनी चष्मा लावला, चार ओळी वाचल्या आणि हसायलाच लागले. आप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ यांचा मागच्या अंगणातल्या विहिरीवरून कोर्टात दावा चालू होता. तो दोघांनी आपसांत मिटवला आणि आम्ही उभयता राजी आहोत, असं लिहून दिलं. राजी असल्याचा नामा, म्हणून राजीनामा! कुणी काही सोडलं नव्हतं, फेकलं तर मुळीच नव्हतं.

सासरे दोन दिवस गप्प आहेत. माझ्या डोक्यात मात्र भुंगा शिरलाय. असे अजून कोणते रोजचे शब्द आहेत, जे आपण बिनदिक्कत वापरतो आणि शंभर-पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसानं ऐकले तर तो भलतंच समजेल? नुसतं 'हा शब्द फारसी, तो पोर्तुगीज' नको, ते सगळ्यांना माहीत असतं. अर्थ कसा सरकला ते सांगा.

मोडीवेडा · शनिवार, रात्री ९:५०

सायलीताई, कागद जपून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत मात्र घालू नका, ओल धरते.

राजीनाम्याची वाट अशी. फारसीत तो संमतीचा कागद. हिंदी-उर्दूत आजही राजीनामा म्हणजे तडजोड, नोकरी सोडायची तर 'इस्तीफा'. आपल्याकडे तो 'सोडण्या'कडे वळला त्याला माझ्या मते महसूल खातं जबाबदार. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यात जमीन एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची तर जुना खातेदार 'राजीनामा' द्यायचा आणि नवा 'कबुलायत' लिहून द्यायचा. राजीनामा म्हणजे मी राजीखुशीने ही जमीन सोडतो, कबुलायत म्हणजे मी ती घ्यायला कबूल आहे. आता यातला 'राजीखुशीने' गळला आणि 'सोडतो' उरला. जमिनीच्या जागी खुर्ची आली की झाला आजचा राजीनामा.

तिरकस · शनिवार, रात्री १०:०४

म्हणजे पुढारी राजीनामा देतात तो जुन्याच अर्थानं. आतून सगळे राजी असतात. (हलके घ्या.)

वैद्य_कर्वेनगर · शनिवार, रात्री ११:३१

माझ्या दवाखान्यात हा घोटाळा रोज होतो. मी रुग्णाला म्हणतो, कटु रस कमी करा. तो दुसऱ्या दिवसापासून कारलं सोडतो आणि ठेचा चालू ठेवतो.

आयुर्वेदातले सहा रस शाळेत पाठ केलेले असतात : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त, कषाय. यातला 'कटु' म्हणजे कडू नव्हे. कटु म्हणजे जिभेला झोंबणारं, आपलं तिखट. पटत नसेल तर 'त्रिकटु' चूर्णात काय असतं बघा : सुंठ, मिरी, पिंपळी. एकही कडू नाही. आणि कडू, म्हणजे कडुनिंब, गुळवेल, कारलं, हे सगळं 'तिक्त'.

मजा अशी की आपला 'कडू' हा त्याच 'कटु'चा वंशज. शब्द एका चवीवरून उठला आणि शेजारच्या चवीवर जाऊन बसला. मग रिकाम्या पाटावर कोण बसलं? 'तीक्ष्ण'. धारदार सुरीला म्हणतात तो तीक्ष्ण. त्याचं प्राकृतात 'तिक्ख' झालं, त्याचं आपलं 'तिखट'. पुढे मराठीनं आणखी एक गंमत केली. तिखट हे विशेषण उचलून थेट डब्यात भरलं. 'वाटीभर तिखट दे' यातलं तिखट हा गुण नाही, लाल पूड आहे.

उत्तरेत जुन्या अर्थाची एक खूण अजून शिल्लक आहे. तिकडे मोहरीच्या तेलाला 'कडवा तेल' म्हणतात. ते कडू कुठं असतं? नाकात जातं. तो जुना कटु.

नीलांबरी · शनिवार, रात्री ११:४८

वैद्यबुवा, दंडवत! आणि ती लाल पूड तरी कुठली जुनी? मिरची पोर्तुगीजांबरोबर आली. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. माउलींच्या काळात झोंबायला मिरंच होतं. 'मरिच' हे मिऱ्याचं नाव. नवी परदेशी शेंग आली, झोंबण्यात मिऱ्याची बहीण वाटली, म्हणून तिला त्याच घरातलं नाव दिलं, मिरची. आता मूळ मालक मिरं बिचारं मसाल्याच्या डब्याच्या कोपऱ्यात आणि पाहुणी घरभर.

कोकणातून_पुण्यात · रविवार, सकाळी ७:२०

स्वयंपाकघरात शिरलाच आहात तर मीठ घ्या.

आमच्या शेजारी एक गुजराती कुटुंब आहे, रास्ता पेठेतून इकडे आलेलं. त्यांच्याकडे 'मीठुं' म्हणजे मीठही आणि गोडही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं हे लोक चहात काय घालत असतील. मग लक्षात आलं, आपलंही तेच आहे, फक्त आपण लपवलंय. मिठाई आणि मीठ एकाच घरचे. संस्कृतातलं मिष्ट किंवा मृष्ट, म्हणजे रुचकर, गोड. ज्याच्यामुळे जेवणाला चव येते ते मीठ, असा काहीतरी प्रवास झाला असणार. हिंदीत मीठा साखरेकडे गेला, मराठीत मीठ समुद्राकडे आलं.

मग आधी आपण मिठाला काय म्हणत होतो? लवण, लोण. तो शब्द मेला नाही, लपून बसलाय. लोणच्यात आहे. लोणारच्या खाऱ्या सरोवरात आहे. आणि सगळ्यात छान म्हणजे 'अळणी'त आहे. अ-लवण, अळणी. घरात मीठ नसेल तेव्हाच जुनं मीठ आठवतं!

पुणेकर_७७ · रविवार, सकाळी ७:५५

आणि लोणी? तेही मिठाचंच का?

कोकणातून_पुण्यात · रविवार, सकाळी ८:०२

नाही हो, लोणी 'नवनीता'चं. दिसायला सख्खे, नात्यानं परके. या धाग्यात असे बरेच येतील, सांभाळून.

मावशी_सहकारनगर · रविवार, सकाळी ९:१५

गोडा मसाला राहिलाच की! जावई बंगलोरचे आहेत. पहिल्या दिवाळीला मी म्हटलं, आमटीत गोडा मसाला घातलाय. त्यांनी घाबरत घाबरत एक घास घेतला. गोड म्हणजे इथे साखरेचं नव्हे, जहाल नसलेलं. गोडं तेल म्हणतो ते तरी कुठे गोड असतं? गोड्या पाण्यातले मासे म्हणतो ते पाणी साखरेचं थोडंच असतं?

तेलाचंही तसंच. तेल म्हणजे तिळाचं, म्हणून तैल. आता शेंगदाण्याचं तेल, मोहरीचं तेल, डोक्याला बदामाचं तेल. तीळ केव्हाच बाहेर. आणि खोबरेल म्हणजेच खोबऱ्याचं तेल, तरी आपण वाण्याकडे 'खोबरेल तेल' मागतो. बाटलीत एकदा, नावात दोनदा.

आणि दिवाळीचा फराळ! फलाहार तो फराळ. ताटात चकली, शेव, कडबोळी, अनारसे, चिरोटे. फळ शोधून दाखवा.

निळीशाई · रविवार, सकाळी ९:४०

माझ्या नावातच आहे. शाई म्हणजे सियाही, काळेपणा. निळी शाई म्हणजे निळं काळं. तरी परीक्षेत लाल शाईनं खोडतातच.

शुद्धीप्रेमी · रविवार, सकाळी ११:१०

हे सगळं वाचायला गमतीचं आहे, पण मला यात अभिमान वाटण्यासारखं काही दिसत नाही. ही अज्ञानातून झालेली घसरण आहे. 'आंदोलन' म्हणजे झोका. 'मोर्चा' म्हणजे वेढा घालताना तोफा डागायला केलेला आडोसा. आपण काय करतो? लक्ष्मी रोडवरून घोषणा देत चालतो आणि त्याला मोर्चा म्हणतो. 'शिक्षा' म्हणजे विद्या, आपण तिला छडी केली. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, हालचाल. बंगाली माणूस आजही त्याच अर्थानं वापरतो. आपण तिची टवाळी केली. मूळ अर्थ तोच खरा अर्थ. बाकी सगळे अपभ्रंश. निदान लिहिताना तरी शब्द शुद्ध अर्थानं वापरावेत.

तिरकस · रविवार, सकाळी ११:१३

मग काल आमच्या चौकात सफाई कामगारांचा झोका निघाला होता म्हणायचं का?

धुळाक्षर · रविवार, दुपारी १:३०

शुद्धीप्रेमी, तुमचा मुद्दा जुना आहे आणि त्याचं उत्तरही जुनंच आहे, म्हणून जरा विस्तारानं लिहिते.

संस्कृत काव्यशास्त्रात 'कुशल' शब्दावरून वाद आहे. कुश म्हणजे दर्भ. तो हाताला न कापता उपटून आणायला चतुराई लागते, म्हणून कुशल म्हणजे चतुर. मम्मट या काव्यशास्त्रकारानं हे लक्षणेचं, म्हणजे मूळ अर्थ सोडून दुसरा घेण्याचं, उदाहरण म्हणून दिलं : मूळ अर्थ गवत कापणारा, रूढीनं अर्थ निपुण. चौदाव्या शतकातल्या विश्वनाथानं त्यावर हरकत घेतली. तो म्हणतो, शब्द कशापासून झाला हे वेगळं आणि तो कशासाठी वापरला जातो हे वेगळं. व्युत्पत्तीचं निमित्त एक, प्रवृत्तीचं निमित्त दुसरं. नाहीतर 'गौः' हा शब्द जाणे या अर्थाच्या धातूपासून आलाय. गाय म्हणजे जाणारी. मग 'गाय झोपली आहे' असं म्हणायची सोयच उरत नाही!

सहाशे वर्षांपूर्वी हे इतकं लख्ख मांडलं गेलंय. तुमच्या 'मूळ अर्थ तोच खरा'च्या हिशेबानं तुम्हाला मोहरीचं तेलही बोलता येणार नाही.

शिवाय मूळ म्हणजे नेमकं कितवं मूळ? 'मृग' घ्या. तुम्ही म्हणाल हरिण. त्याआधी मृग म्हणजे कोणतंही रानटी जनावर. म्हणून सिंह मृगेंद्र, म्हणून शिकार ती मृगया, आणि म्हणून माकड शाखामृग, फांदीवरचा पशू. 'असुर' घ्या. ऋग्वेदात वरुणालाही असुर म्हटलंय, मानानं. अशोकाच्या गिरनारच्या लेखात 'पासंड' म्हणजे कुठलाही धर्मपंथ, आणि सगळ्या पासंडांचा मान ठेवा असं तो सांगतो. तेच आपलं पाखंड. त्याच अशोकाची पदवी 'देवानांप्रिय', आणि नंतरच्या संस्कृत पंडितांनी तिचा अर्थ केला मूर्ख. राजाची पदवी शिवी झाली! आता यातला शुद्ध अर्थ कोणता धरू?

शुद्धीप्रेमी · रविवार, दुपारी २:०५

विश्वनाथाचा दाखला मान्य. गाईचा तर फारच. पण मग कुणी काहीही म्हटलं तर चालेल का? उद्या कुणी 'आभार' म्हणजे ओझं म्हणाला तर?

धुळाक्षर · रविवार, दुपारी २:२०

आभारात भार आहेच की, काका. एकट्यानं म्हणून चालत नाही, सगळ्यांनी म्हणावं लागतं. त्याला शतकं लागतात.

रियाज_चालू · रविवार, दुपारी ४:००

आंदोलनाचा झोका मेलेला नाही, एवढं सांगायला आले. दरबारी रागाचा गंधार, म्हणजे 'ग' हा स्वर, आंदोलित (झुलता) लावायचा असतो. तो स्थिर ठेवला की गुरुजी डोळे मिटूनच मान हलवतात. माझ्या धाकट्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात लंबकही आंदोलनंच करतो.

तसंच 'हरकत'. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. हिंदीत ती वाईट वागणूक झाली ('ये क्या हरकत है'). मराठीत ती आक्षेप झाली, 'माझी हरकत नाही'. पण गाण्यात ती अजून हालचालच आहे, गळ्याची. सवाई गंधर्व महोत्सवात मागे बसलेले काका कुजबुजतात ना, 'काय हरकत घेतली!' ती घेतली तर दाद मिळते, आणि सोसायटीच्या सभेत घेतली तर भांडण होतं.

गणूचा_मित्र · रविवार, संध्याकाळी ६:३०

'तालीम' घ्या. हिंदीवाल्यांची तालीम म्हणजे शिक्षण. आपली तालीम म्हणजे लाल माती आणि जोर-बैठका. मानाचा तिसरा गणपती गुरुजी तालमीचा, हे लखनौच्या माझ्या सहकाऱ्याला सांगितलं तेव्हा त्याला वाटलं शिक्षकांच्या प्रशिक्षण संस्थेचा गणपती असेल. नाटकवाल्यांच्याही तालमीच.

आता जोडी जुळवा. शिक्षणाचे दोन शब्द होते. 'शिक्षा' आपण पाठीवर मारली, 'तालीम' मातीत लोळवली. आणि म्हणे विद्येचं माहेरघर!

मोडीवेडा · रविवार, रात्री ८:१५

धागा पेटलाय. माझ्या प्रांतातलं थोडं टाकतो.

शिवकालीन किल्ल्यावरच्या मुख्य माणसांत हवालदार, सबनीस, कारखानीस हे असत. हवालदार म्हणजे किल्ल्याचा ताबा ज्याच्या हवाली तो. दारांच्या किल्ल्या त्याच्याकडे. आजचा हवालदार चौकात शिट्टी वाजवतो. कारखानीस म्हणजे कारखान्याचा, आणि कारखाना म्हणजे धूर सोडणारी चिमणी नव्हे. कोठारं, सामान, रसद, एकेक खातं. अठरा कारखाने म्हणायचे त्यात पीलखानाही आला, म्हणजे हत्ती. आता साखरेचा कारखाना म्हटलं की निवडणूक आठवते.

शिपाई म्हणजे लढवय्या. तो आता कार्यालयात चहा आणतो आणि फायली हलवतो. पोलिसांत मात्र 'पोलीस शिपाई' हे पद आहे, तिथे जुन्याचा थोडा वास आहे. (वास! तोही आता चांगला राहिला नाही. 'वास येतोय' म्हटलं की आपण नाकच धरतो.)

'नीस' म्हणजे नवीस, लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पारसनीस, वाकनीस ही सगळी कारकुनांची कामं होती. आता ती आडनावं. त्यातला एक चिटणीस मात्र पक्षात जाऊन सरचिटणीस झाला.

पण माझा लाडका शब्द 'दफ्तर'. ग्रीकमध्ये दिफ्थेरा म्हणजे कमावलेलं कातडं, ज्यावर लिहायचे. तिथून फारसीत दफ्तर, म्हणजे वह्या, नोंदी. हिंदीत नोंदी जिथे ठेवतात ती जागा, कचेरी. आपल्याकडे दोन वाटा फुटल्या. एक पेशवे दफ्तर, इथेच पुण्यात, ज्यातले निवडक कागद इतिहासकार सरदेसायांनी १९३० नंतर ४५ खंडांत छापले. तिथे कागद कापडात बांधून ठेवलेले असतात आणि त्या एकेका गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. रुमाल म्हणजे तोंड पुसायचं फडकं, त्याला इथे इतिहास बांधून ठेवायचं काम मिळालं. आणि दुसरी वाट पहिलीतल्या पोराच्या पाठीवर. 'दफ्तर भरलंस का?' कातडं, नोंदी, कचेरी, आणि शेवटी डबा-पाण्याची बाटली.

पागेतली · रविवार, रात्री ८:४०

आम्ही तर घोड्यांच्या तबेल्यात शिकलो आणि अभिमानानं सांगतो. हुजूरपागा म्हणजे सरकारी घोड्यांची पागा. १८८४पासून ती मुलींची शाळा आहे. पुण्यात 'ती पागेतली' म्हटलं तर कुणी घोडी समजत नाही.

कोकणातून_पुण्यात · रविवार, रात्री ९:०५

आमच्या आजीला 'देश' म्हणजे घाटावरचा मुलूख. 'धाकटा देशावर असतो' म्हणजे पुण्यात नोकरीला. मला लहानपणी वाटायचं काका सैन्यात आहेत.

तिरकस · रविवार, रात्री ९:१२

पुण्यातून बघितलं तर अजूनही देश इथेच संपतो.

धुळाक्षर · रविवार, रात्री १०:५५

एक राहवत नाही म्हणून. दर २७ फेब्रुवारीला फलक लागतात : 'माझ्या मराठीची बोलू कौतुके'. वाचणाऱ्याला वाटतं, चला, आपल्या मराठीचं कौतुक करू या. मूळ ओवी आहे 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके'. इथे 'बोलु' हे क्रियापद नाही, नाम आहे : माझा मराठी बोल. आणि 'कौतुकें' म्हणजे शाबासकी नव्हे. लीलेनं, सहज खेळता खेळता. माझा हा मराठी बोल सहज अमृताशी पैज लावून जिंकेल.

कौतुक म्हणजे आधी कुतूहल, नवल, खेळ. पुढे नवल वाटून केलेली स्तुती, मग नुसती स्तुती. आणि अर्थ बदलला तसे आपण ओवीचे शब्दही बदलून टाकले, 'माझा'चं 'माझ्या' केलं, 'मराठाचि'चं 'मराठीची'. हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. शब्दानं अर्थ बदलला की जुनी ओळ आपल्याला चुकीची वाटायला लागते आणि आपण ती 'दुरुस्त' करतो.

शुद्धीप्रेमी, इथे मात्र मी तुमच्या बाजूची. नवं लिहिताना नवा अर्थ, जुनं वाचताना जुना.

शुद्धीप्रेमी · रविवार, रात्री ११:०२

हे मान्य. आमच्या वाचनालयाच्या फलकावरही तसंच आहे. उद्या बोलतो त्यांच्याशी.

येरवड्याचा · सोमवार, दुपारी १२:१०

पुण्यात या विषयाचा धागा निघाला आणि डेक्कन कॉलेजचं नाव कुणीच घेतलं नाही? तिथे १९४८पासून हेच काम चालू आहे. ऐतिहासिक तत्त्वांवरचा संस्कृत कोश. एकेक शब्द वेदांपासून पुढे कुठल्या ग्रंथात कोणत्या अर्थानं आला, त्याची चिठ्ठी. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून कोटीभर चिठ्ठ्या हातानं लिहिल्या गेल्या. कपाटंच्या कपाटं. पहिला खंड १९७६मध्ये निघाला आणि छापील खंड अजून 'अ' अक्षरातच आहेत. कॉलेजात असताना बघायला गेलो होतो, एक खण ओढला तर ओंजळभर कागद आणि प्रत्येकावर तोच शब्द. प्रत्येक ठिकाणी जरासा हललेला.

पण मला सांगायचंय ते त्या दारावरच्या नावाबद्दल. 'दक्ष' म्हणजे समर्थ, तयार. कवायतीत ओरडतात तोच. त्यावरून 'दक्षिण', म्हणजे तयारीचा हात, उजवा. देवाला उजवीकडे ठेवून फिरतो ती प्रदक्षिणा. आता पूर्वेला तोंड करून उभे राहा. उजवा हात कुठे येतो? ती दिशा दक्षिण. दिशेवरून प्रदेश, दख्खन. साहेबाच्या तोंडी त्याचं डेक्कन. त्यावरून डेक्कन जिमखाना, १९०६. आणि आता?

'कुठे उतरणार?'
'डेक्कन.'

उजव्या हातापासून निघालेला शब्द बसथांब्यावर येऊन उभा राहिला. जिमखान्यात कधी पाऊल न टाकलेला माणूसही 'डेक्कनला आहे, पाच मिनिटांत पोचतो' म्हणतो.

आणि अजून एक. यज्ञात दिलेली ती दक्षिणा, तीही याच घरातली. पेशवे श्रावणात ब्राह्मणांना दक्षिणा वाटायचे. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. तीच वाढत वाढत पुढे झालं डेक्कन कॉलेज. म्हणजे पैसाही दक्षिणेचा आणि नावही दक्षिणेचं, आणि काम काय तर शब्द कसे सरकतात ते लिहून ठेवायचं.

रियाज_चालू · सोमवार, दुपारी १२:३०

वाचनखूण साठवली. डेक्कनला उतरताना आता उजवा हात बघणार.

पुणेकर_७७ · सोमवार, दुपारी १:१५

लकडी पुलावर लाकूड नाही, तुळशीबागेत तुळस नाही आणि पेठेत (पेठ म्हणजे बाजार) राहायला परवडत नाही. माझं एवढंच योगदान.

लेकीची_आई · सोमवार, दुपारी ३:४०

सतरा वर्षांच्या मुलीला धागा वाचून दाखवला. म्हणाली, 'भारी आहे.' भारी म्हणजे जड, असं मी म्हटलं. म्हणाली, 'आई, तू फार जड आहेस.' पुढील लेखनाला शुभेच्छा!

सायली_पेठेतली · मंगळवार, रात्री १०:२०

सगळ्यांचे आभार (भारासकट). एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी वाड्याच्या भागीदारांची बैठक होती. सात घरं, सात वकील. आमचे मोठे काका ८६ वर्षांचे आहेत, कानानं कमी ऐकतात. मी मुद्दाम आप्पांचा कागद नेला होता. सगळ्यांना गोष्ट सांगितली, सगळे हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, 'यात हसण्यासारखं काय? राजीनामा म्हणजे तेच. आमच्या लहानपणी तलाठ्याकडे राजीनामा द्यायला जायचे लोक. नोकरीचा राजीनामा म्हणजे काय ते मला पुण्यात आल्यावर कळलं.'

म्हणजे १८९३पर्यंत मागे जायची गरजच नव्हती. जुना अर्थ आमच्या घरात, पलीकडच्या खोलीत, वर्तमानपत्र वाचत बसला होता. आम्ही विचारलंच नाही.

मग बिल्डरच्या माणसानं कराराचा मसुदा पुढे केला, 'सामंजस्य करार' असं मोठ्या अक्षरात. काकांनी चष्मा पुसला, पहिलं पान वाचलं आणि विचारलं, 'हा राजीनामाच ना?'

त्या माणसाचा चेहरा पडला. त्याला वाटलं काका भागीदारीतून बाहेर पडतायत.

मोडीवेडा · मंगळवार, रात्री १०:२६

!!! आणि विहिरीचं काय झालं? कागदात काय ठरलं होतं?

सायली_पेठेतली · मंगळवार, रात्री १०:४१

थोरल्यानं सकाळी पाणी भरायचं, धाकट्यानं दुपारनंतर, रहाट दुरुस्तीचा खर्च निम्मा निम्मा. विहीर सासऱ्यांच्या लहानपणीच बुजवली. तिच्यावर आता चार दुचाक्या उभ्या असतात, आणि कालची बैठक त्यांच्यावरूनच मोडली. पुढची रविवारी. कागदातला एक शब्द अजून लागत नाहीये, उद्या उजेडात फोटो काढून टाकते.